चाकांवरचा बिछाना



इतिहासाच्या पुस्तकांत सैन्ये कूच करतात, मुक्काम करतात आणि पुन्हा कूच करतात. कूच कोठून कोठे झाले ते तारीखवार दिलेले असते. परंतु मुक्कामाच्या रात्री कोण कशावर निजले, पाणी कोठून आणले, पावसात चूल कशी पेटवली, याविषयी लिहिणारे बहुधा मुके असतात. मी विद्यापीठात शिकलेला नाही. माझी हयात मोटार कामगारांच्या संघटनेत गेली आणि वाचन झाले ते ग्रंथालयाच्या बाकावर. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझे लक्ष आधी रस्त्यावर रात्र काढणाऱ्या माणसाकडे जाते.

आजचा विषय त्याच्याच जवळचा आहे. पिकअप गाडीच्या हौद्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी बसवून, मुलाबाळांसह सुखाने मुलूख पाहत हिंडावे, अशी हौस अलीकडे आपल्या शहरांतही दिसू लागली आहे. ही कल्पना परदेशातून आली असे पुष्कळांना वाटते. गाडी परदेशी असेल. कल्पना मात्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगणात उभी होती.

प्रथम राजांकडे पाहू. मोगल बादशहा प्रवासाला निघे तेव्हा त्याच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो राहत असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहिलेला असे. या पुढच्या संचाला पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या १६६४ सालच्या काश्मीर प्रवासात बर्निये हा फ्रेंच वैद्य बरोबर होता. पेशखान्याच्या वाहतुकीला साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे त्याने नमूद केले आहे. बादशहाला प्रवास घडत होता, पण घर सोडल्याचा त्रास घडत नव्हता. तो त्रास त्या शंभर हमालांच्या वाट्याला होता.

आपल्या सक्करदऱ्याच्या राजवाड्याचे धनी जे भोसले, त्यांच्या पूर्वजांची रीत याच्या उलट होती. १७४२ साली पहिल्या रघूजींच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर गेल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल पदरात पडेपर्यंत तो झगडा चालला. नागपूर ते बंगाल हे अंतर त्या काळी केवळ हलक्या सामानामुळे साधले. घोडा, घोंगडी आणि खोगिराखालचा शिधा, एवढ्यावर स्वार चाले. बंगालच्या प्रजेने या स्वारीत अतोनात हाल सोसले, हेही सांगितले पाहिजे. कारण सामान हलके ठेवणारी फौज आपली भाकरी दुसऱ्याच्या कोठारातून काढते. प्रवासाचे ओझे नाहीसे होत नसते, ते कोणीतरी उचलतच असते. आजच्या व्याख्यानात हे सूत्र आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

राजे आणि शिलेदार सोडून आता पोटासाठी चालणाऱ्यांकडे वळू. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत पाहिले. धान्य आणि मीठ वाहणारे हे बंजारे बायकामुलांसह रस्त्यावरच संसार करीत. आपल्या भागाचा कापूसही रेल्वेपूर्वी बैलांच्या पाठीवरून जबलपूरमार्गे मिर्झापूरला, गंगेच्या घाटापर्यंत जाई. पुढे रस्ते सुधारले तशी बंडी आली, आणि माणसांसाठी रेंगी व दमणी आली. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडची रेंगी ही खरोखर पाहण्यासारखी वस्तू होती. साट्यावर तणसाचा जाड थर, त्यावर सतरंजी, वर बांबूच्या कमचांचा बाक देऊन तट्ट्याचा टप, कण्याखाली टांगलेला कंदील आणि मागे बैलांचा चारा. जोडीला गौळाऊ बैल असले म्हणजे रात्री निघून सकाळी पाहुण्याच्या दारात. प्रवासी झोपेत, बैल वाटेवर आणि गाडीवान जागा.

या रेंगीत जे शास्त्र होते ते कोणी लिहून ठेवले नाही, पण शब्दांत मात्र ते शिल्लक आहे. ओझे मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते; अशी गाडी ‘उलार’ झाली म्हणतात. ओझे पुढे जास्त झाले की ती ‘धुरजड’. आज पिकअपच्या हौद्यात संसार मांडणाऱ्याने हे दोन शब्द आधी पाठ करावेत. पाण्याची टाकी, बॅटरी, शिधा असे जड सामान मागच्या चाकांच्या पलीकडे, फळक्याजवळ ठेवले तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागेनासे होते. म्हणजे मोटारही उलार होतेच. म्हणून जड वस्तू मागच्या कण्याच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावी, हलकी वस्तू वर. टपावर ओझे चढवले की वळणावर गाडी झोके खाते.

१८६७ साली मुंबईकडची आगगाडी नागपूरला पोचली आणि लांबच्या बैलप्रवासाचा जमाना ओसरू लागला. योगायोग असा की त्याच सुमारास, १८६६ साली, अमेरिकेत टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट या गुरे हाकणाऱ्या मालकाने एका जुन्या लष्करी गाडीच्या मागे खणांचे कपाट बसवले. कपाटाचे झाकण खाली पाडले की त्याचेच जेवण रांधायचे मेज होई. ही सोय गुराख्यांसाठी होती. आज पिकअपच्या मागचा फळका पाडून त्यावर शेगडी मांडतात, ती त्याचीच नात.

हौसेचे घर मात्र इंग्लंडात निघाले. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नाविक डॉक्टराने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली. ती सुमारे दोन टनांची होती. वाटेतल्या लोकांना सावध करायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. पेशखान्याचे हत्ती गेले, एक नोकर उरला, एवढाच काय तो फरक. पुढे मोटार आली आणि १९६० साली जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन लेखक पिकअपवर बसवलेल्या खोलीत आपल्या कुत्र्याला घेऊन देश पाहायला निघाला. त्याने गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनान्ते हे नाव दिले होते. येथे गाडी चालवणारा आणि बिछान्यावर झोपणारा एकच माणूस झाला. मला ही घटना मोलाची वाटते.

आपल्याकडे त्याच काळात चाकांवरचे घर वेगळ्या वाटेने वाढत होते. फिरत्या सिनेमांनी जुन्या ट्रकच्या हौद्यात प्रक्षेपणयंत्र बसवले. दिवसा जत्रेच्या मैदानावर तंबू उभारायचा, रात्री खेळ करायचा आणि खेळ संपल्यावर त्याच ट्रकमध्ये अंग टाकायचे. तमाशाचे फड दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत असेच ट्रकमधून गावोगाव जातात. कपड्यांच्या पेट्या, ढोलकी, भांडीकुंडी आणि कडेवरची मुले यांना हौद्यात जागा कशी करावी, हे त्या बायांइतके कोणा वास्तुशास्त्रज्ञाला कळणार नाही. आणि मालट्रकचे चालक? नुसता सांगाडा विकत घेऊन त्यावर लाकडी केबिन बांधून घ्यायची, ही आपल्याकडची कित्येक दशकांची रीत होती. बांधणारा मिस्त्री चालकाच्या पाठीमागे एक फळी टाकी. ती फळी म्हणजे त्याचे शयनगृह, देवघर आणि कपाट.

आता प्रत्यक्ष सोयीचे बोलू, कारण नुसत्या इतिहासाने कोणाची पाठ सरळ होत नाही. तीन माणसांना दोन दिवसांचे ६० लिटर पाणी घेतले तर ते ६० किलो भरते. गाडीची वहनक्षमता मोजताना हे विसरू नये. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास वीज. शिशाच्या साध्या बॅटरीतून त्यातली निम्मीच वापरावी. २० वॉटचा पंखा दहा तासांत २०० वॉट-तास खातो, तेव्हा दोन पंखे रात्रभर निर्धास्त चालतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याचे एकेरी छत म्हणजे तवा. दोन थरांत बोटभर पोकळी ठेवून वारा खेळता ठेवावा. तट्ट्याच्या टपात तो आपोआप खेळत होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे सिलिंडरच्या खणाला तळाशी, बाहेर उघडणारे भोक हवे. आणि थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, म्हणून आर.टी.ओ.ची परवानगी आधी, सुतार नंतर. प्रवास करताना हौद्यात माणसे बसवू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्यांना थांबायला जागा, पाणी, वीज, शौचालय असावे, असा त्याचा आशय आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. हौशी माणसाला रात्री जे लागते ते नेमके ओळखले गेले, याचा आनंदच आहे. माझा प्रश्न एवढाच, की पोटासाठी रस्त्यावर झोपणाऱ्याला याहून वेगळे काय लागते?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरवला होता. जेथे रात्री थांबावे लागते तेथे विश्रांतिगृह द्यावे, असेही त्यात होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक मोटार कामगार असलेल्या धंद्याला लागू होता; आणि आपल्याकडे एक-दोन ट्रकांचे मालक असंख्य. म्हणजे कायदा होता आणि चालक बहुधा त्याच्या बाहेर होता. आता तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, तेल कंपन्यांनी काही पंपांवर चालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रांतिस्थाने काढली; या चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या मी चांगल्याच म्हणेन. पण रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या लाखो ट्रकांत तीच पत्र्याची केबिन आणि तीच फळी आहे.

एका चालकाने मला विचारले होते, “भाऊ, गाडी गरम झाली तर मालक थांबवायला सांगते. माणूस गरम झाला तर?” मी त्याला कलमे सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “कलमावर झोपता येते का?”

नागपूर हे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या चौफुलीवर वसले आहे. देशाचा माल आपल्या दारावरून जातो आणि तो नेणारा आपल्या शिवेवर, वाडीला किंवा कापसीला, रात्र काढतो. तेव्हा कॅरव्हॅनसाठी थांबे बांधायचे असतील तर ते आपल्या गावापासून बांधावेत आणि त्यांत मालट्रकही थांबू द्यावेत. सावली, पाणी, संडास आणि निवांत झोप या वस्तूंत हौशी आणि कष्टकरी असा भेद करण्याचे कारण नाही. आणि आपल्यापैकी जे या उन्हाळ्यात चिखलदऱ्याला किंवा पचमढीला भाड्याच्या गाडीने निघतील, त्यांनी बिछाने मोजताना एक बिछाना चालकाचा धरावा. दुसऱ्या दिवशी घाट त्यालाच उतरायचा आहे, आणि मागे आपली मुले बसलेली असणार आहेत.