खामचें पाणी आणि सागराचें ऋण

छत्रपति संभाजीनगर हें शहर समुद्रकांठापासून फार दूर, दख्खनच्या पठारावर वसलेलें आहे. प्लास्टिकनें दूषित झालेला सागर व त्यांतील मासळी हा विषय कोळीवाड्यांचा आहे, या शहराचा नव्हे, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. परंतु शहरांतून वाहणाऱ्या खाम नदीचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

इ. स. १६१० मध्यें निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर यानें खडकी या गांवीं शहर वसविलें. भूमि नांवाप्रमाणेंच खडकाळ. पाणी कोठून आणावें हाच पहिला प्रश्न. तो सोडविण्यासाठीं त्यानें नहर-इ-अंबरी हा भूमिगत जलमार्ग सिद्ध केला. उत्तरेच्या डोंगरांत झिरपणारें पाणी जमिनीखालून, उताराउतारानें शहरांत येऊं लागलें. पुढें खामच्या कांठीं बाबा शाह मुसाफर यांच्या दर्ग्यापाशीं पाणचक्की उभी राहिली. खापरी नळांतून दुरून आणलेल्या पाण्याच्या बळावर ती फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं पीठ दळीत असे.

पाणी आणावें कसें, हें या शहरानें अशा रीतीनें लवकर साध्य केलें. वापरून झालेलें पाणी पाठवावें कसें, हा धडा मात्र मागें राहिला. त्या काळीं पत्रावळी, खापरें, राख व चिंध्या हाच काय तो कचरा. तो मातींत मिळून जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्लास्टिकची पिशवी आली. ती कुजत नाहीं. उन्हापावसानें तिचे बारीक बारीक तुकडे होतात, एवढेंच. कचऱ्याचें स्वरूप बदललें, पण टाकण्याची संवय बदलली नाहीं. दृष्टिआड सृष्टि हाच न्याय चालूं राहिला.

या न्यायाची कसोटी इ. स. २०१८ मध्यें लागली. अनेक वर्षें शहराचा कचरा ज्यांच्या दाराशीं पडत होता, त्या नारेगांव परिसरांतील ग्रामस्थांनीं फेब्रुवारींत कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. रस्तोरस्तीं ढीग सांचले. मार्चमध्यें मिटमिटा येथें कचरा नेण्यावरून दगडफेक व लाठीमारापर्यंत पाळी आली. त्याच महिन्याच्या २३ तारखेस महाराष्ट्र शासनानें प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलचीं ताटें यांवर बंदी घातली. पुढें १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तु देशभर बंद करण्यांत आल्या.

जें नाल्यांत पडतें तें कोठें जातें? खाम जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावून शहर ओलांडते व नाथसागराला मिळते. इ. स. १९७६ मध्यें पुरें झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. शहर पाणी पितें तें येथलेंच; म्हणजे टाकलेलें फिरून टाकणाऱ्याच्याच घरीं येतें. याच जलाशयाच्या मासळीवर कित्येक कुटुंबांचें पोट आहे. पूर्वीचीं सुताचीं जाळीं तुटलीं तर कुजून जात. आतांचीं नायलॉनचीं जाळीं पाण्यांत हरवलीं तरी मासे व पांखरें अडकवीतच राहतात. धरणापुढें गोदावरी तेलंगण व आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. प्लास्टिकचे जे सूक्ष्म कण पाण्याबरोबर तेथवर पोहोंचतात, ते माशांच्या पोटांत जातात. खामकांठचा नाला व पूर्वेकडील मच्छीमाराची होडी यांचें नातें तें हेंच.

इ. स. २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी मंडळ व नागरिकांच्या संस्था यांनीं खामच्या पुनरुज्जीवनाचें काम हातीं घेतलें. पात्रांतील कचरा उपसला गेला, कांठावर झाडें लागलीं. काम अल्प आहे, पण दिशा योग्य आहे. समुद्रांत पसरलेलें प्लास्टिक वेंचणें जवळजवळ अशक्य. नाल्याच्या तोंडाशीं तें अडविणें शक्य. आणि घरांतच त्याचा मोह टाळणें सर्वांत सोपें. मलिक अंबरानें पाण्याच्या उगमापाशीं जाऊन तहानेचा प्रश्न सोडविला. प्लास्टिकचा प्रश्नहि त्याच्या उगमापाशींच सुटणार आहे, आणि तो उगम डोंगरांत नसून बाजाराच्या पिशवींत आहे.