पाठमोऱ्या बालासनाची कथा

मोटारींत मूल पाठमोरें बसविण्याची कल्पना अंतराळवीरांच्या आसनावरून निघाली. अमेरिकेच्या जेमिनी यानासाठीं योजिलेलीं, पाठीवर रेलून वेगाचा भार सोसावयाचीं आसनें पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनीं तसें बालासन रचिलें. १९६४ सालीं व्होल्वोच्या मोटारींत त्याची चांचणी झाली. बालकाचें डोकें जड, मान कोंवळी. समोरून धडक बसली असतां तो आघात साऱ्या पाठीवर वांटला जातो.

मग आसन बदलावें केव्हां? अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०११ सालीं दोन वर्षांचें वय सांगितलें. २०१८ सालीं तो दंडक वगळून आसनाची वजन-उंचीची मर्यादाच प्रमाण मानली. पाय दुमडले म्हणून आसन अपुरें ठरत नाहीं. वजन मर्यादेपलीकडे गेलें, किंवा बहुतेक आसनांत डोक्यावर कवचाची एक इंचहि कड उरली नाहीं, म्हणजे वेळ आली. वाढदिवस पाहून घाई करूं नये; मोजपट्टी हातीं घ्यावी.