मानखुर्दची खाडी

ठाण्याची खाडी म्हणजे एके काळचा राजरस्ताच. ठाणे-कल्याणच्या जुन्या बंदरांकडे निघालेली गलबते मानखुर्दच्या पुढ्यातून जात. काठाला खारफुटी अन् मिठागरे; अवसे-पुनवेचे उधाण तेथे ऐसपैस पसरे आणि ओहोटीला निमूट परते. ही सोय कोणा इंजिनियराने केली नव्हती! पुढे भराव पडले, घरे उठली, पाण्याची जागा गेली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि भरतीमुळे नाल्यांचे पाणी खाडीत उतरेना. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद आहे. तीत समुद्र हळूहळू चढताना दिसतो. तो चढला, की नाल्यांची तोंडे अधिक वेळ तुंबणार.

त्याच वर्षी उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली. कुऱ्हाडीला मात्र ती बातमी अजून पुरती पोचलेली दिसत नाही.