सैनिक कुटुंबांचे स्थलांतर

सैनिक कुटुंबांचे स्थलांतर म्हणजे सैनिकाच्या बदलीमुळे त्याच्या कुटुंबाला वारंवार करावा लागणारा निवासबदल होय. भारतीय सेनेच्या पलटणी सीमाभागातील ‘फील्ड’ आणि छावण्यांतील ‘पीस’ ठाण्यांवर आळीपाळीने तैनात होतात. फील्ड ठाण्यावर सर्वसाधारणपणे कुटुंबाला सोबत राहता येत नाही.

परिणाम

स्थलांतरामुळे मुलांची शाळा, अभ्यासक्रम व माध्यम बदलते आणि पत्नीच्या नोकरीत खंड पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील फोंडाघाटसारख्या गावी कुटुंब कायम राहिल्यास मुलांची मराठी शाळा आणि घरची शेती सुटत नाही. मात्र सैनिकाचा सहवास रजेपुरताच उरतो.

उपाययोजना

फील्ड ठाण्यावरील सैनिकांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत स्वतंत्र निवासस्थाने राखलेली असतात. इ.स. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. देशभर अभ्यासक्रम एकच असल्याने बदलीनंतरही शिक्षणात सातत्य राहते. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभाग सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवतो. या सोयींमुळे स्थलांतराची झळ कमी होते. स्थलांतरांची संख्या मात्र पलटणींच्या आळीपाळीवरच अवलंबून राहते.

अन्य देश

अमेरिकेच्या संरक्षण विभागाने मे २०२५ मध्ये, ऐच्छिक स्वरूपाच्या बदल्यांवरील खर्च २०३० या आर्थिक वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणण्याच्या योजना सादर करण्याचे आदेश सैन्यदलांना दिले. कुटुंबांचे स्थैर्य आणि खर्चातील बचत ही त्यामागील कारणे होती.