“मिरजेला न्या”

आमच्या आष्ट्याकडे दुखणें हाताबाहेर गेलें, कीं वडीलधारीं माणसें म्हणत, “आतां मिरजेला न्या.” माझी आजी बैलगाडींतून अशीच गेली आणि मोतीबिंदु काढवून, नातवंडांचीं तोंडें ओळखीत परतली.

या बोलण्यामागें इतिहास आहे. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फें १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. १८९४ सालीं मिरजेस त्यांचें रुग्णालय उभें राहिलें. पैसा अमेरिकेंतील दात्यांचा, जागा मिरजेच्या संस्थानिकांची. धर्मप्रसार हाहि मिशनचा हेतु होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर रोग्याची जात वा धर्म आड आला नाहीं. कुष्ठरोग्यांना व क्षयरोग्यांना घरचेंहि दार बंद होई, त्या काळीं त्यांना तेथें आसरा मिळाला.

याहून मोलाची गोष्ट दुसरीच. वानलेस यांनीं येथील तरुणांना वैद्यकी शिकविली. ते १९२८ सालीं परत गेले, १९३३ सालीं निवर्तले. तरी काम चालू राहिलें. पुढें १९६२ सालीं त्याच गांवांत वैद्यकीय महाविद्यालय निघालें. परदेशची औषधें आज ना उद्यां संपतात. शिकलेले हात मागें राहतात. गरीब देशांना मदत पाठविणारांनीं आणि ती घेणारांनींहि मिरजेचा हा धडा ध्यानीं ठेवावा.