काच साफ करणारा सकर मासा : घरच्या टाकीत ठीक, पण गावच्या तळ्यात सोडू नका

तलवाडा (ता. गेवराई) : मोबाईलवर अधूनमधून एक फोटो फिरतो. काळपट अंग, त्यावर चित्त्यासारखे ठिपके, पाठीवर शिडासारखा उभा पंख आणि तोंड चक्क पोटाच्या बाजूला. खाली मजकूर ठरलेला असतो, ‘नदीत सापडला विचित्र मासा’. कुणी त्याला सैतानी मासा म्हणतं, कुणी हेलिकॉप्टर. खरं तर हा मासा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी दुकानात, नाहीतर पाहुण्यांच्या घरी काचेच्या टाकीत पाहिलेला असतो. तिथं तो बोटाएवढा असतो, काचेला चिकटून बसलेला. त्यालाच सकर मासा म्हणतात. तो विषारी नाही आणि माणसाला चावतही नाही. तरीही तळ्यात तो नको, आणि त्यामागं कारणं आहेत.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतला. शास्त्रज्ञ त्याच्या गटाला टेरिगोप्लिक्थिस म्हणतात, मत्स्यालयवाले नुसतं प्लेको किंवा सकर म्हणतात. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडासारख्या कडक चकत्यांचं चिलखत आहे. खालच्या बाजूचं गोल तोंड दगडाला, लाकडाला, काचेला चिकटवून तो वरचं शेवाळ खरवडून खातो. तळाचा गाळ आणि कुजकी पानंही त्याला चालतात. दिवसा दडून बसतो, रात्री फिरतो. त्याच्या मूळ मुलखात लोक तो आवडीनं खातात. ब्राझीलमध्ये अख्खा मासा निखाऱ्यावर भाजतात, पेरूमध्ये त्याचं सूप करतात. तिथं त्याला खाणारे मोठे मासे आणि इतर प्राणीही आहेत. आपल्याकडं असं चिलखत फोडून खाणारं फारसं कुणी नाही.

टाकीतला सकर

दुकानदार सांगतो, हा घ्या, टाकी आपोआप साफ राहील. हे अर्धंच खरं आहे. काचेवरचं हिरवं शेवाळ तो खातो, पण बाकीच्या माशांची विष्ठा खात नाही. उलट त्याची स्वतःचीच घाण भरपूर असते, त्यामुळं पाणी आधीपेक्षा लवकर खराब होतं. पाणी बदलायचं काम काही सुटत नाही.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. दोन इंचाचा हा मासा नीट जगला तर दीड फुटाच्या आसपास वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं टिकतो. टीव्हीशेजारच्या दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही, मग गोल बाऊलचं तर नावच नको. पाळायचाच असेल तर काही शे लिटरची टाकी लागते. दडायला मडक्याचा तुकडा किंवा लाकडाचा ओंडका लागतो, आणि वरचं झाकण पक्कं हवं, कारण रात्री तो उडी मारून बाहेर पडतो. शेवाळ संपल्यावर तो उपाशी राहतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काकडीची चकती, उकडलेला दोडका किंवा पालक संध्याकाळी दिवा बंद करून तळाशी ठेवावा आणि उरलेलं सकाळी काढून टाकावं. उपाशी सकर गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खातो. त्यातून जखमा होतात आणि गोल्डफिश मरतो. मग घरचे म्हणतात, हा मासा अपशकुनी आहे. बिचाऱ्याला भूक लागलेली असते, दुसरं काही नाही.

खरं सांगायचं तर, काच साफ करण्यापुरता हा मासा आणूच नये. जुनं एटीएम कार्ड काचेवर घासलं की शेवाळ निघतं, आणि कार्ड दीड फूट वाढत नाही.

टाकीतून तळ्यात

मासा मोठा झाला, टाकी छोटी पडली, किंवा पोरांचा नाद संपला की प्रश्न येतो, आता याचं करायचं काय? मारायला जीव धजत नाही. मग कुणीतरी म्हणतं, नदीत सोडून द्या, पुण्य लागेल. जगभर हा मासा बऱ्याच ठिकाणी अशाच मार्गानं पसरला आहे. शोभेच्या माशांच्या शेततळ्यांतून पुराच्या पाण्याबरोबर तो निसटला, हे दुसरं कारण.

महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात, म्हणजे भीमेवर, मच्छीमारांच्या जाळ्यात हा मासा येतो. वाराणसीला गंगेतही तो २०२० मध्ये सापडला. आंध्र-तेलंगणातले मच्छीमार त्याला ‘दय्यम चेपा’, म्हणजे भुताचा मासा, म्हणतात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात मिसळलेल्या डीएनएवरून शोध घेतला, तेव्हा पूर्व घाटात तपासलेल्या पाणवठ्यांपैकी सुमारे ६० टक्के ठिकाणी याची खूण मिळाली. मेक्सिकोत इन्फिएर्निल्यो नावाच्या मोठ्या धरणावर चिलापीची मासेमारी जोरात चालायची. तिथं हा घुसला आणि जाळ्यात चिलापीपेक्षा हाच जास्त येऊ लागला. बांगलादेशानं तर २०२३ मध्ये या माशावर बंदीच घातली.

चिलापीही परदेशीच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिनं देशी माशांचं नुकसान केलंच. पण निदान चिलापी बाजारात विकली जाते आणि त्यावर घरं चालतात. सकर मात्र जाळ्यात येतो आणि पाटी रिकामीच ठेवतो.

मच्छीमाराचं नुकसान कसं होतं

या माशाच्या पाठीवरचा आणि बाजूच्या पंखांचे काटे जाड आणि खरबरीत असतात. जाळ्यात अडकला की तो काटे ताठ करून धरतो, ते मागं सरकत नाहीत. ओढलं तर नायलॉनचा धागा तुटतो, सोडवायला गेलं तर हात कापतो. शेवटी जाळंच कापावं लागतं. असे दहा-वीस मासे एका फेरीत आले तर दुसरा दिवस जाळं विणण्यातच जातो.

आता आपल्या भागाचा हिशोब पाहा. रोहू, कटला, मृगळ हे मासे बंद तळ्यात आपोआप वाढत नाहीत, अंडी घालायला त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावाचा ठेका घेणारी संस्था दरवर्षी पैसे मोजून मत्स्यबीज आणते. सकरला असलं काही लागत नाही. नर मासा काठाच्या मातीत हात-दोन हात खोल बीळ करतो, मादी त्यात शेकड्यांनी अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर तिथं राखण करतो. म्हणजे विकतच्या बीजाला मिळायचा तळ्यातला चारा फुकट आलेला पाहुणा खाऊन जातो. तळ खरवडताना दुसऱ्या माशांची अंडीही त्याच्या पोटात जातात.

दुष्काळी मुलखाला लागू असलेली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एप्रिल-मे मध्ये पाणी तळाला गेलं, गरम झालं, की रोहू-कटला वर येऊन तोंडं उघडझाप करतात आणि मरतात. सकर वरची हवा गिळून पोटातल्या पोटात श्वास घेऊ शकतो. ओलसर राहिला तर पाण्याबाहेरही कित्येक तास जगतो, पाणी उतरलं तरी ओल्या बिळात तग धरतो. ज्या उन्हाळ्यात बाकीचं तळं मोकळं होतं, त्यातून हा वाचून निघू शकतो. थंडी त्याला सोसत नाही, पण आपल्याकडच्या तळ्याचं पाणी त्याला मारण्याइतकं गार होत नाही.

बिळांचा प्रश्न वेगळाच. मोठ्या धरणाच्या भिंतीला पाण्याच्या बाजूनं दगडी पिचिंग असतं, तिथं तो फारसं काही करू शकत नाही. पण पाझर तलावाचा उघडा मातीचा काठ, नदीची दरड, चारीची कड इथं शेजारी शेजारी बिळं पडली की पावसात माती ढासळते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या कालव्यांचे काठ असेच खचले आहेत.

गेवराई तालुक्याला एका बाजूनं गोदावरी आहे, आणि जायकवाडीचा उजवा कालवा याच भागातून पुढं माजलगावच्या धरणाला पाणी नेतो. कालव्यात सोडलेला मासा सोडल्या जागी राहील, असं धरून चालू नका. नदीत सोडला तर खाली नांदेड आणि तिथून तेलंगणापर्यंत वाट मोकळी आहे.

ओळखताना गल्लत नको

बंदी असलेला थायी मागूर वेगळा. त्याचं अंग गुळगुळीत, बुळबुळीत असतं आणि तोंडाभोवती आठ लांब मिशा असतात. त्यावर केंद्र सरकारनं २००० मध्येच बंदी घातली आहे. सकरचं अंग खडबडीत असतं, तोंड खालच्या बाजूला असतं आणि मिशा दोनच, त्याही बारीक. आपली देशी शिंगटीही मिशीवाली आणि गुळगुळीत असते, ती चुकून मारू नका.

खायचा का, असं बरेच जण विचारतात. स्वच्छ पाण्यातला खाल्ला तर काही बिघडत नाही, पण चिलखत काढल्यावर हाती मांस थोडंच लागतं. हा गाळ खाणारा मासा आहे, त्यामुळं शहराचं सांडपाणी येतं त्या पाण्यातला खाऊ नये. गाळातले जड धातू त्याच्या अंगात साठतात.

जाळ्यात आला तर परत पाण्यात टाकू नका, आणि काठावर फेकूनही देऊ नका. काठावर तो लवकर मरत नाही, सरपटत पुन्हा पाण्यात जातो. जाड हातमोजा किंवा गोणपाट घेऊन धरा, डोक्यावर एक घाव घालून लगेच मारा आणि खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर उघडा टाकला तर कुत्र्या-मांजरांच्या घशात काटे अडकतात. त्याआधी वरून आणि पोटाकडून असे दोन फोटो काढा. तळ्याचं नाव आणि तारीख लिहून ते बीडच्या जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्या. शेततळ्यात बीज सोडताना पिशवी आधी परातीत ओता. ठिपकेदार, चपट्या पोटाचं, परातीला चिकटणारं पिल्लू दिसलं तर तेवढं बाजूला काढा आणि बीजवाल्याला तिथंच दाखवा.

घरच्या टाकीतला नको झाला असेल तर दुकानदाराला परत द्या. बरेच दुकानदार फुकट आला तर ठेवून घेतात. बीडला किंवा संभाजीनगरला जाणारं कुणी असेल तर झाकणाच्या बादलीत, अर्धं पाणी आणि अर्धी हवा ठेवून पाठवता येतो. एवढ्या प्रवासात त्याला काही होत नाही.