दरबारातून दिवाणखान्यात : सतराव्या शतकातील इंग्रजी गोपसंवाद

१६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले व नाट्यगृहे बंद झाली. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. दरबाराबरोबर प्रेमगीते व गोपसंवाद यांचा राजाश्रयही संपला. संगीतकार विल्यम लॉझ १६४५ मध्ये चेस्टरनजीक राजपक्षाकडून लढताना मारला गेला. तथापि हा गीतप्रकार लोपला नाही. प्रकाशक जॉन प्लेफर्ड १६५२ मध्ये अशा गीतांचे संग्रह छापू लागला. विल्यमचा थोरला भाऊ हेन्री याचे तीन संग्रह १६५३, १६५५ व १६५८ मध्ये निघाले. दरबारी गायन आता हौशी गायकांच्या घरी पोचले.

या संवादांची बांधणी बहुधा ठरलेली असे : मेंढपाळ व त्याची सखी आळीपाळीने गात आणि अखेरीस दोघांचे स्वर एकत्र येत. अँड्र्यू मार्व्हेलचा थर्सिस व डोरिंडा यांचा संवाद विल्यम लॉझने, पुढे मॅथ्यू लॉकनेही स्वरबद्ध केला. त्यात स्वर्गसुखाच्या ओढीने दोघे मेंढरे दुसऱ्यावर सोपवून मरणाचा निश्चय करतात. छापील कवितेत हे ऐक्य ‘समूहगान’ एवढ्या सूचनेपुरते उरते. गायनात मात्र वादाचा निर्णय शब्द नव्हे, तर स्वरांचे मीलन देते. युक्तिवाद पटण्यापूर्वीच श्रोता या मीलनाने जिंकला जातो. म्हणूनच गोपसंवादाला केवळ काव्यप्रकार मानणारा तौलनिक अभ्यास त्याच्या अर्धांगालाच मुकतो.